शांतताकालीन शौर्यपदके (खानदेशच्या संदर्भात)

समोर शत्रूचे सैन्य नसताना, जीव धोक्यात आहे हे माहीत असूनही केलेल्या शौर्याबद्दल दिली जाणारी पदके. भारतात अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी त्यांची उतरती श्रेणी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत ‘आंडोर फौजमा शे’ (मुलगा फौजेत आहे) असे अहिराणीत अभिमानाने सांगणारी घरे पुष्कळ आहेत. परमवीर चक्र त्या घरांत सर्वांना ठाऊक असते; ही तीन पदके मात्र तितकी परिचयाची नसतात. मानाच्या क्रमात अशोक चक्र परमवीर चक्राच्या लगेच खाली आणि महावीर चक्राच्या वर आहे, हे म्हणूनच आधी सांगायला हवे.

४ जानेवारी १९५२ रोजी ही पदके ‘अशोक चक्र, वर्ग १, २ आणि ३’ या नावांनी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. आजची नावे १९६७ सालची. अशोक चक्र सोन्याचा मुलामा दिलेले, कीर्ती चक्र चांदीचे आणि शौर्य चक्र काशाचे. तिन्हींच्या फिती हिरव्या. त्यांवर अनुक्रमे एक, दोन आणि तीन केशरी उभ्या रेघा. गणवेशावर नुसती फीत लावलेली असली तरी या रेघा मोजून पदक ओळखता येते. लष्करी जवानांबरोबर पोलीस आणि सामान्य नागरिक, स्त्री असो वा पुरुष, यांनाही ही पदके मिळतात, मरणोत्तरही. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास त्यांची घोषणा होते.

निवडीत प्रश्न विचारला जातो तो समोर कोण होते याचा. गोळी सुटली की नाही, यावर पदकाचा प्रकार ठरत नाही. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात गोळीबार झाला नाही, तरी समोर चिनी सैन्य होते. म्हणून कर्नल संतोष बाबू यांना मरणोत्तर महावीर चक्र, म्हणजे युद्धकालीन पदक मिळाले. याउलट नंदुरबार जिल्ह्याचे सुपुत्र, हवाई दलाच्या गरुड या कमांडो पथकातील सार्जंट मिलिंद किशोर खैरनार ११ ऑक्टोबर २०१७ रोजी काश्मीरमधील हाजिन येथे दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत शहीद झाले. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र जाहीर झाले. दहशतवादी हे परक्या देशाचे सैन्य धरले जात नाही, म्हणून त्यांचे शौर्य या गटात येते. ‘शांतताकालीन’ म्हणजे कमी जोखमीचे, असा समज असेल तर हे एक उदाहरण तो दूर करायला पुरेसे आहे. हवालदार बचित्तर सिंग यांनाही १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या पोलीस कारवाईत नळदुर्गजवळ दाखवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर अशोक चक्र मिळाले, ते याच नियमाने.

या पदकांचा खरा गाभा मात्र जिथे शत्रूच नसतो अशा प्रसंगांत आहे. ३ फेब्रुवारी १९५२ रोजी लखनौहून दिल्लीला निघालेल्या हवाई दलाच्या डेव्हन विमानाच्या इंजिनाने पेट घेतला. आत श्रीनागेश, थिमय्या आणि थोरात हे वरिष्ठ लष्करी अधिकारी होते. फ्लाइट लेफ्टनंट सुहास विश्वास यांनी ते विमान संडीलाजवळ उतरवले आणि सगळे वाचले. त्याबद्दल त्यांना अशोक चक्र मिळाले. श्रीनागेश आणि थिमय्या पुढे एकापाठोपाठ एक लष्करप्रमुख झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये वरुण सिंग यांच्या तेजस विमानाचे नियंत्रण हवेत सुटले. उडी मारून स्वतःचा जीव वाचवण्याची मुभा असताना त्यांनी ते विमान सुखरूप खाली आणले. त्यांना शौर्य चक्र मिळाले.

इतर देशांतही असे सन्मान आहेत. अमेरिकेचे सोल्जर्स मेडल १९२६ चे. ब्रिटनचा जॉर्ज क्रॉस सप्टेंबर १९४० मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत असताना सुरू झाला. बंगळूरजवळ १९४५ मध्ये सराव चालू असताना एक ग्रेनेड जवळच पडला, तेव्हा सोबत्यांना वाचवताना प्राण दिलेल्या नाईक किरपा राम यांना जॉर्ज क्रॉस मिळाला होता.

खानदेशात या विषयाशी थेट नाते आहे ते धुळ्याच्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे (एसडीआरएफ). पूर आला, इमारत कोसळली, कुणी नदीत बुडाले की धुळ्याहून बोटी आणि जवान निघतात, अनेकदा खानदेशाबाहेरही. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना या दलाची बोट उलटली आणि तीन जवानांचा मृत्यू झाला. सोबत असलेला एक स्थानिक माणूसही बुडाला. ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्यासाठी ते त्या पाण्यात उतरले होते. शौर्याची याहून स्वच्छ व्याख्या प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही.

तापी, गिरणा, पांझराकाठच्या गावांत पोहणारी माणसे बुडणाऱ्याला काढायला उडी घेतात, तेव्हा त्यांच्यासाठी १९६१ पासून जीवन रक्षा पदकांची वेगळी मालिका आहे : सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक. पाण्यात बुडणे, आग, विजेचा धक्का, दरड, जनावराचा हल्ला अशा प्रसंगी दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्याला ती मिळतात. जवान, पोलीस किंवा अग्निशामक कर्मचारी आपल्या कामाच्या कक्षेबाहेर जाऊन धावला असेल, तर तोही पात्र ठरतो. पण धाडस आपोआप दिल्लीला पोहोचत नाही. नेमके काय घडले, धोका किती होता, पाहणारे कोण होते, हे कुणीतरी लिहावे लागते आणि तो प्रस्ताव राज्य शासनामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावा लागतो. काठावर उभे राहून पाहणाऱ्यांचे जबाब त्याच आठवड्यात घेतले गेले, तर प्रस्तावाला बळ येते. वर्षभराने तीच माणसे कुणी रोजगाराला सुरतेला, तर कुणी ऊसतोडीला गेलेली असतात. हे काम ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील किंवा गावातला एखादा शिक्षक सुरू करू शकतो, आणि ते त्यांनी आवर्जून करावे.