पानात शिरले ते किती? कीडनाशक शोषणाच्या गणिती प्रारूपांची पार्श्वभूमी

विसरणाचा, म्हणजे दाट बाजूकडून विरळ बाजूकडे पदार्थ पसरण्याचा, नियम १८५५ पासून हाताशी होता. पानाला तो नेमकेपणाने लावता आला, तो उपत्वचा, म्हणजे पानावरचा मेणचट पापुद्रा, अखंड सोडवायची युक्ती सापडल्यावर. पेक्टिनेज आणि सेल्युलेज या विकरांच्या द्रावणात पानाच्या चकत्या बुडवून ठेवल्या की पेशींचा चिकटा सुटतो आणि मेणासकट पापुद्रा हाती येतो. त्यासाठी पर्णरंध्रे नसलेली बाजूच घ्यावी लागते, नाहीतर भोकांतली गळती विसरण म्हणून मोजली जाते. क्लोरोफॉर्मने मेण काढले की याच पापुद्र्याची पारगम्यता दसपटीपासून हजारो पटींपर्यंत वाढते. म्हणजे अडसर मेणाचा, उपत्वचेच्या जाडीचा नव्हे. तरीही जुन्या सूत्रांत जाडीच भाजक म्हणून येत राहिली.

खरा गोंधळ ‘शोषण’ या शब्दाचा आहे. माग काढता यावा म्हणून किरणोत्सारी कार्बन-१४ लावलेल्या औषधाचा थेंब पानावर ठेवायचा, काही तासांनी पान धुवायचे, आणि धुऊन निघाले नाही ते शोषले गेले, असे धरायचे. पण कशाने धुतले? पाणी-मिथेनॉलने फक्त वरचा थर निघतो. क्लोरोफॉर्ममध्ये काही सेकंद बुडवले तर मेण विरघळते आणि त्यात मुरलेले औषधही बाहेर येते. मेणातले औषध पावसाने धुपत नाही, पण रसवाहिन्यांपर्यंतही पोचलेले नसते. ते शोषणात धरले की पहिल्या तासांचा वेग फुगतो, आणि त्यावर बसवलेला एकच वेगस्थिरांक पुढच्या दिवसांचा अंदाज चुकवतो. निक्षेप (पानावर उरलेला थर), उपत्वचा आणि ऊती असे तीन कप्पे वेगळे ठेवणे हाच योग्य मार्ग. सोबत धुण्याचा द्रावक आणि वेळ लिहिलीच पाहिजे.

ग्लायफोसेट या तणनाशकाने दुसरी अडचण उभी केली. त्याच्या ऑक्टेनॉल-पाणी विभाजन गुणांकाचा (पदार्थ पाण्याच्या तुलनेत तेलकट द्रवात किती जातो, त्याचे माप) लॉग −३ च्याही खाली, म्हणून मेणातल्या वाटेचे गणित जवळजवळ शून्य शोषण सांगते. प्रत्यक्षात तण मरते. म्हणून ग्लायफोसेटसारख्या आयनांसाठी, म्हणजे विद्युतभारित कणांसाठी, प्रारूपात समांतर जलमार्ग जोडला गेला. या मार्गाला हवेतली आर्द्रता लागते.

अलीकडचा भर थेंबावर आहे. पाणी उडते तसे द्रावण घट्ट होते आणि आत ढकलणारा जोर वाढतो. स्फटिक बनले की शिरकाव जवळजवळ थांबतो. अवशेष बऱ्याचदा कडेला कड्यासारखा साचतो, त्यामुळे पानाला टेकलेले क्षेत्र सुरुवातीच्या ओल्या वर्तुळापेक्षा बरेच कमी भरते. संपूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ घेणारे प्रारूप इथे हमखास जास्त शोषण दाखवते.