पहाडी भांग आणि ०.३ टक्क्यांची रेषा

कुमाऊँ-गढवालात भांग पेरतात ती मुख्यतः बियांच्या चटणीसाठी आणि खोडाच्या वाखासाठी. पावसाच्या तोंडाशी दाट पेरलेलं झाड फांद्या न फुटता दहा-बारा फूट सरळ जातं, त्यामुळे साल लांब निघते. बी झोडून घेतल्यावर खोडं पंधराएक दिवस पाण्यात कुजवून वाख हाताने सोलतात. तेच बियाणं मोकळ्यावर विरळ उगवलं तर झाड पसरतं आणि त्याच्या फुलोऱ्यावर तळवे चोळून चरस काढता येतो. म्हणजे वाखाचं वाण आणि नशेचं वाण अशी फाळणी पहाडात नव्हतीच.

सपाटीवर ती होती. एकोणिसाव्या शतकात नगर, खांडवा आणि बंगालमधलं नौगाव इथे परवान्याखाली फक्त गांजा पिकवत. पराग पडला की फुलोऱ्यात बी धरतं आणि माल उतरतो, म्हणून नर झाडं वेळेत ओळखून उपटायला पारखी माणसं असत. १९८५च्या केंद्रीय कायद्याने फुलोऱ्याला गांजा ठरवलं, सुटं पान आणि बी व्याख्येबाहेर ठेवलं, पण लागवडीवर बंदी घातली. वाख-बियांसाठी सवलतीची एक खिडकी मात्र उघडी राहिली. तिच्यातून उत्तराखंडने २०१८मध्ये परवाने द्यायला सुरुवात केली. अट एकच, पण जाचक: टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या आत.

हा आकडा वैद्यकातून आलेला नाही आणि शेतीतूनही नाही. १९७६मध्ये कॅनडा-अमेरिकेतल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी भांगेच्या दोन उपजाती वेगळ्या काढण्यासाठी तो सुचवला. तोही कोवळ्या, जोमदार पानांच्या कोरड्या वजनावर, आणि रेषा मनमानी आहे हे त्यांनी स्वतःच नोंदवलं होतं. पुढे वर्गीकरणाची ही सोय कायद्याची कलमं बनली. अमेरिकेने २०१८मध्ये ती संघराज्यभर लागू केली. युरोप मधली काही वर्षं ०.२वर जाऊन २०२३पासून पुन्हा ०.३वर आला. नमुना मात्र आता पानाचा राहिला नाही. युरोपात झाडाच्या वरच्या ३० सेंटिमीटरचा, फुलोऱ्यासकटचा भाग तपासतात आणि टीएचसी सर्वात जास्त तिथेच असतं. शिवाय ताज्या झाडात ते बहुतांशी आम्लरूपात असतं, म्हणून एकूण आकडा काढताना आम्लाच्या टक्क्यांना ०.८७७ने गुणून मिळवतात. हा गुणाकार धरला की न धरला, एवढ्यावर एकच शेत पास किंवा नापास होऊ शकतं.

सीबीडी या भांगेतल्याच, पण नशा न आणणाऱ्या द्रव्यासाठी घेतलेलं पीकही यातून सुटत नाही. सीबीडी बनवणारं विकर (एन्झाइम) थोडं टीएचसीही बनवतंच, साधारण वीस-पंचवीसास एक. सीबीडी आठ टक्क्यांवर गेलं की रेषा ओलांडलीच. पहाडातली बरीच स्थानिक झाडं मिश्र, म्हणजे दोन्ही द्रव्यं बनवणारी आहेत आणि त्यांच्याकडून ०.३ची अपेक्षा करणं म्हणजे ती नाकारणंच.

मग युरोपचं प्रमाणित बियाणं आणावं, तर अक्षांश आडवा येतो. भांग दिवस लहान झाला की फुलते. ४५ ते ५० अंशांवर तयार झालेल्या वाणाला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो. उत्तराखंडात तो चौदाच्या पुढे फारसा जात नाही. झाड कमरेएवढं असतानाच फुलतं आणि वाख मिळत नाही.

स्थानिक बियाण्यातूनच कमी टीएचसीची झाडं निवडणं हा रास्त मार्ग. टीएचसी-सीबीडीचं प्रमाण जनुकाने ठरतं आणि रोपाच्या पानातही कळतं, त्यामुळे नको ती रोपं फुलण्याआधी काढता येतात. अडचण पुढे आहे. पराग वाऱ्यावर काही किलोमीटर जातो, आणि संकरातून दोन्ही द्रव्यं बरोबरीने बनवणारी झाडं निघतात. बीजोत्पादनाच्या शेताभोवती तेवढं अंतर भांगेविना हवं. रानभांग जिथे गोठ्यामागे आणि रस्त्याकडेला आपोआप उगवते, त्या खोऱ्यांत अशी जागा सापडणं कठीण.