बैठक आणि फॅमिली थेरपी: "कोन चुकनं?" की "काय व्हयनं?"

खान्देशात घरात बिनसलं की बैठक बसते. ओट्यावर सतरंजी, दोन्हीकडचे मामा, एखादे निवृत्त गुरुजी, आतून येणारा चहा. त्यामुळे जळगाव-धुळ्यात कुणी 'आम्ही फॅमिली थेरपीला जातो' म्हटलं की लगेच ऐकू येतं, "म्हणजे पैसे देऊन बैठकच ना!"

नाही. सगळे एकत्र बसतात, सारखेपणा एवढाच.

बैठकीचा प्रश्न अहिराणीत दोन शब्दांचा: "कोन चुकनं?" निकाल लावणं हेच तिचं काम. बांध, वाटणी, लग्नातलं देणंघेणं ती झटक्यात मिटवते, आणि मला तिचं कौतुकच आहे. (१९८४ च्या कायद्यानुसार कुटुंब न्यायालय आधी समेटाचा प्रयत्न करतं, तोही तिच्याच जवळचा.) थेरपिस्ट मात्र निकाल देत नाही. तो विचारतो, "काय व्हयनं? मंग काय व्हयनं?" म्हणजे काय झालं, मग काय झालं.

आमच्या नात्यातलंच एक घर. मुलगा सुरतला, सासू-सून अमळनेरकडे. सासू फोनवर त्याला सुनेचं सांगते, सून त्यालाच सासूचं. दोघींत बोलणं उरलंय ते 'दूध तापवलं का' इतकंच. बैठकीने चूल वेगळी करून दिली. भाकऱ्या दोन तव्यांवर पडू लागल्या, फोन होते तसेच राहिले. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन याला त्रिकोण म्हणत: दोघांतला ताण सोसेनासा झाला की तिसरा मध्ये ओढला जातो, आणि मूळ दोघांचं बोलायचं राहूनच जातं. थेरपिस्ट हात घालतो तो या त्रिकोणाला. चुलीशी त्याला देणंघेणं नाही.

घरातल्या बोलण्याचा सूर किती भारी पडतो, हे लंडनच्या संशोधकांनी स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांत पाहिलं. सतत टोचून बोलणाऱ्या किंवा अतिकाळजीने जीव गुदमरवणाऱ्या घरी परतलेल्यांचा आजार जास्त वेळा उलटला. आजार घरच्यांमुळे झाला, असा त्याचा अर्थ नव्हे. नातेवाईक नेमका तोच काढतात. पुढे चंदीगडमध्ये तसंच मोजलं, तर अशी घरं लंडनपेक्षा कमी निघाली.

मारहाण होत असेल तर मात्र दोन्ही सतरंज्या गुंडाळा. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आणि संरक्षण अधिकारी.

इटलीत मिलानच्या गटाने १९८० मध्ये एक पद्धत मांडली: दोघांमधलं तिसऱ्याला विचारायचं. बैठकीत पोरांना बाहेर खेळायला पिटाळतात, इथे त्यांनाही विचारतात. अमळनेरकडच्या त्या घरातल्या आठ वर्षांच्या नातीला थेरपिस्टने विचारलं, "आजी रडली की आधी कोण उठतं?"

ती म्हणाली, "कोणीच नाही. पप्पांचा फोन येतो."