काळी-पिवळी आणि अ‍ॅप टॅक्सी: भाडे कोण ठरवते?

मुंबईत नाक्यावरच्या स्टँडवर उभी असलेली काळी-पिवळी आणि इमारतीच्या फाटकाशी येऊन थांबणारी अ‍ॅपवरची गाडी, दोन्हींना आपण टॅक्सीच म्हणतो आणि दोन्हींची नंबरप्लेटही पिवळीच असते. एक हात दाखवून थांबवायची, दुसरी मोबाइलवरून बोलवायची, एवढाच फरक बहुतेकांना ठाऊक असतो. तो वरवरचा आहे, कारण काळी-पिवळी मोबाइलवरून बोलावली तरी तिचे भाडे मीटरच सांगतो. खरा फरक परवान्यात आणि भाडे ठरवण्याच्या अधिकारात आहे.

मुंबईत मोटार टॅक्सी १९११ मध्ये आली. आज काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा दर मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवते. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये पडतात आणि मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पाव पट भाडे जास्त द्यावे लागते. मुसळधार पावसात लोकल बंद पडली तरी हा दर बदलत नाही, आणि माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे मोल त्यातच आहे. ‘प्रीमियर पद्मिनी’ या जुन्या मॉडेलची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा ‘काळी-पिवळी संपली’ अशी हळहळ व्यक्त झाली, परंतु गेले ते गाडीचे एक मॉडेल होते, सेवा तशीच चालू आहे.

ओला २०१० मध्ये सुरू झाली आणि उबर २०१४ मध्ये मुंबईत आली. त्यांच्यावरच्या गाड्या प्रामुख्याने पर्यटक परवान्यावर धावू लागल्या. त्यामुळे मीटर नव्हता, सरकारी दरपत्रकही नव्हते. मागणी वाढली की कंपनीची संगणकप्रणाली भाडे वाढवत असे. प्रवाशाला रक्कम आधी कळते, ही तिची मोठी सोय खरीच. मात्र त्या रकमेतून कंपनी किती कापून घेते, हे त्याला दिसत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन अशा कंपन्यांना परवाना घेणे बंधनकारक झाले. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी गर्दीच्या वेळचे भाडे मूळ भाड्याच्या दीडपटीवर रोखले आणि भाड्यातील किमान ८० टक्के वाटा चालकाला देण्यास सांगितले.

आता दोन्ही सेवा एकमेकींच्या जवळ येत आहेत, आणि त्यात चालकांचा वाटा मोठा आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील अ‍ॅप टॅक्सीचालकांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतके भाडे मिळावे यासाठी संप केला. त्यानंतर त्यांच्यासाठी किलोमीटरमागे २२.७२ रुपये हा मूळ दर जाहीर झाला. तो प्रत्यक्षात मिळतो का, हे प्रवाशाला स्वतः पडताळता येते: भाड्याला अंतराने भागावे, येणारा आकडा या दराशी ताडून पाहावा आणि चालकाच्या हाती किती पडले हे त्यालाच विचारावे.