गॅस, ग्लास आणि बातम्यांमधला यॉर्कशायरी आवाज : थोडी पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये माणूस उत्तरेचा की दक्षिणेचा हे ओळखायचं असेल तर त्याला 'बाथ' म्हणायला लावलं तरी पुरतं. लंडनकडचा आ लांबवतो, लीड्स-मँचेस्टरकडचा आखूड ठेवतो, जवळपास 'बॅथ'. आता आपण मराठीत कुणाच्या पार्टीत आहोत हे बघायचं तर गॅस आणि ग्लास शेजारी ठेवून बघा. स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे तोच ए, पण एकाला ॲ आणि दुसऱ्याला आ. बँक, टॅक्स, बॅट एकीकडे आणि क्लास, पास, डान्स, चान्स, बाथरूम दुसरीकडे. ही वाटणी आपण केलेली नाही, दक्षिण इंग्लंडच्या साहेबाबरोबर ती तयारच आली. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरवाल्याच्या तोंडी गॅस आणि ग्लासचं चक्क यमक जुळतं.

गंमत म्हणजे हा लांब आ मुळात काही खानदानी नव्हे. दक्षिणेत तो १७व्या शतकापासून हळूहळू लांबत गेला, आणि १७९१ सालच्या लंडनच्या एका उच्चारकोशाने तर त्याला अशिष्टपणाच्या काठावर नेऊन बसवलंय. त्याच कोशात असंही आहे की लंडनमध्ये शब्दातला र कधी कधी पार बुडतो, म्हणजे 'बार्ड'चं 'बाड' होतं. पुढे १८१८ च्या आसपास लंडनच्या एका तरुण कवीने 'थॉर्न्स'शी 'फॉन्स'चं यमक जुळवलं, म्हणजे र खाल्ला, म्हणून टीकाकारांनी त्याला खालच्या वस्तीतला ठरवून सोलून काढलं. आणि त्यानंतर शंभरेक वर्षांत हेच दोन प्रकार, लांब आ आणि गायब र, 'शुद्ध इंग्रजी' म्हणून मिरवायला लागले. पैसा, दरबार, कोर्टकचेऱ्या सगळं दक्षिणेत, त्यामुळे तिथली फॅशन हाच नियम झाला, एवढंच.

अमेरिकेत गेलेली माणसं त्याआधीच निघाली होती म्हणून तिकडे र टिकला. बोस्टन, न्यूयॉर्क, चार्ल्सटन ही बंदरं लंडनच्या संपर्कात राहिली, तिथे गेला, फिलाडेल्फियात मात्र राहिला. पानगळीच्या ऋतूला 'फॉल' म्हणणं हेही इंग्लंडमधूनच गेलं, नंतर इकडे विसरले आणि वर अमेरिकन म्हणून नावं ठेवायला लागले. विसरण्यात इंग्रजांचा हात कोणी धरू नये. आपला पंक्चरवाला 'स्टेपनी आहे का' विचारतो ना, ती वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेली, तिथे १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा सुरू झाला होता. आज लंडनमध्ये हा शब्द काढला तर लोक त्याच नावाच्या भागात कसं जायचं ते सांगतील.

असो. 'शुद्ध' उच्चाराला नाव काय द्यायचं हाही घोळच होता. १९१७ साली आलेल्या एका उच्चारकोशाने त्याला सरळ 'पब्लिक स्कूल' उच्चार म्हटलं (पब्लिक म्हणजे महागड्या खाजगी बोर्डिंग शाळा, आपल्याकडच्या पाट्यांसारखंच), मग १९२६ च्या आवृत्तीत ते बदलून 'रिसीव्ह्ड' केलं, म्हणजे चारचौघांत मान्य असलेला. आता हे चारचौघं कोण? तर त्याच शाळांमधून आलेले. पुढे १९७० च्या दशकात एका अभ्यासकाने अंदाज केला तेव्हा असं बोलणारे ब्रिटनमध्ये जेमतेम ३ टक्के निघाले.

पण ३ टक्क्यांचा उच्चार घरोघरी पोचला तो रेडिओमुळे, आणि खरी भानगड तिथली आहे. रेडिओ म्हणजे बीबीसी, ती सुरू झाली १९२२ ला. निवेदक कुठला शब्द कसा म्हणतो यावरून तक्रारी यायला लागल्या म्हणून १९२६ ला एक सल्लागार समिती नेमली, त्यात राजकवी, एक नावाजलेला नाटककार, आणि वर सांगितलेल्या १९१७ च्या कोशाचे प्राध्यापकही. १९२८ ला शिफारशींची पुस्तिकाच काढली. आम्हाला देशाला बोलायला शिकवायचं नाहीये, हे फक्त आमच्या निवेदकांपुरतं आहे असं म्हणायचे, पण रोज संध्याकाळी एकच प्रकारचा आवाज घरात आला की ऐकणाऱ्याला आपलं बोलणं चुकीचं वाटणारच ना. युद्ध सुरू झालं तशी १९३९ ला समिती गुंडाळली.

मग आला तो निर्णय, बातम्या यॉर्कशायरी आवाजात वाचायचा. जर्मनीहून इंग्रजीत प्रचार चालू होता आणि सायबी इंग्रजी बोलणारा माणूस त्यांच्याकडेही होता, तेव्हा उद्या कुणी लंडनच्या आवाजाची नक्कल करून खोट्या बातम्या सोडल्या तर काय ही धास्ती. म्हणून १९४० पासून बातम्या वाचणारे आधी आपलं नाव सांगायला लागले, तोवर ते बिननावाचेच असायचे. आणि १९४१ च्या शेवटी शेवटी यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या एका निवेदकाला देशभरच्या बातम्या वाचायला लंडनला आणलं. कारण सांगतात की हा उच्चार जर्मनांना जमला नसता. दुसरं कारण असंही सांगतात की उत्तरेतल्या कारखान्यांत राबणाऱ्या लोकांना हा रेडिओ आपलाही आहे असं वाटावं. मला दुसरंच जास्त पटतं, कारण नक्कलेवर इलाज म्हणून नाव सांगायची पद्धत आधीच सुरू झालेली होती, त्यासाठी हॅलिफॅक्सपर्यंत जायची गरज नव्हती.

आता हा माणूस काही ठेठ गावच्या बोलीत वाचत नव्हता. बाकी सगळं नेहमीसारखंच, फक्त 'लास्ट', 'पास्ट' मधला आ आखूड, आणि शेवटी उत्तरेकडच्या मंडळींना खास 'गुड नाईट' ऐवजी 'गुड नीट'. एवढ्यावरून गदारोळ! पत्रं, पेपरात व्यंगचित्रं, आणि अशा आवाजात वाचल्या की बातम्या खऱ्याच वाटत नाहीत असंही लोक म्हणायला लागले. म्हणजे बातमी तीच, कागद तोच, फक्त आ आखूड झाला तर खरेपणा कमी होतो! तक्रार करणाऱ्यांत खुद्द उत्तरेतलेही होते. तो तिथे फार टिकला नाही, परत उत्तरेत गेला. आणि १९४६ पासून त्याच माणसाचा, त्याच आवाजातला, गावोगाव फिरणारा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम तुफान चालला. करमणुकीला चालतो, बातमीला नाही. मालवणी आणि वऱ्हाडीवाल्यांना हे काय वेगळं सांगायला नको.

शब्दांचं तसं उच्चारांसारखं तापत नाही, पण 'डिनर' घ्या. पूर्वी सगळ्यांचंच मुख्य जेवण दुपारी, आणि तेच डिनर. १८व्या शतकापासून श्रीमंतांचं जेवण सरकत सरकत रात्रीवर गेलं, मधल्या खड्ड्यात लंच आलं आणि १८४० च्या सुमारास दुपारचा चहा. उत्तरेतला कामगार मात्र भरदुपारी डिनर आणि संध्याकाळी 'टी' म्हणत राहिला, आणि त्या टीमध्ये व्यवस्थित बटाटे-मटण असतं, नुसता चहा-बिस्किट समजून भरल्या पोटी जाऊ नये. गोल पाव मागतानाही तेच, नॉटिंगहॅमला कॉब, मँचेस्टरला बार्म, कॉव्हेंट्रीला बॅच.

हे सगळं संपायच्या आत गोळा करू म्हणून १९५० ते १९६१ मध्ये ३१३ ठिकाणी पाहणी झाली. प्रश्न १३०० च्या वर, आणि विचारणाऱ्याने तो शब्द स्वतः उच्चारायचा नाही, वस्तू दाखवायची किंवा वर्णन करायचं आणि समोरच्याकडून काढून घ्यायचं. माणसं निवडली ती मुख्यतः खेड्यातली म्हातारी, दात आणि कान शाबूत असलेली. बायका कमी, मोठी शहरं जवळजवळ वगळलेली, म्हणजे अर्ध्याहून जास्त देश जिथे राहतो तेच बाहेर. माझ्या मते ही मोठीच चूक, पण पाहणी झाली हे बरंच झालं.

शहराकडे बघितलं अमेरिकेत. १९६२ ला न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत, एक महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं, एक संशोधक गिऱ्हाईक बनून चौथ्या मजल्यावरची वस्तू कुठे मिळेल विचारत फिरला, कारण 'फोर्थ फ्लोर' मध्ये दोनदा र येतो. महागड्या दुकानातले नोकर र सगळ्यात जास्त म्हणत होते, स्वस्तातले सगळ्यात कमी. म्हणजे लंडनमध्ये र खाणं प्रतिष्ठेचं आणि युद्धानंतरच्या न्यूयॉर्कमध्ये र म्हणणं प्रतिष्ठेचं.

इंग्लंडमधलं अलीकडचं चित्र २०१६ च्या एका मोबाईल ॲपवरून कळलं. ३०,००० च्या आसपास लोकांनी उत्तरं दिली आणि ती जुन्या पाहणीशी ताडून बघितली. १९५० च्या दशकात दक्षिणेच्या बऱ्याच खेड्यांत 'आर्म' मधला र ऐकू येत होता, आता तो बहुतेक नैऋत्य कोपऱ्यापुरता उरलाय. शरद ऋतूला उत्तरेत 'बॅकएंड' म्हणायचे, तो जवळजवळ गेला. बोटात घुसलेल्या लाकडाच्या कुसळाला भागाभागात वेगवेगळे शब्द होते, ते बहुतेक सगळे जाऊन 'स्प्लिंटर' झालं. फक्त न्यूकॅसलकडे अजून 'स्पेल्क' म्हणतात, तरुण पोरंसुद्धा.