शिकारी रायफल : ओळख व कालनिर्णय

जुन्या शिकारी रायफलीचे मॉडेल, बोअर (नळीचा आतील व्यास; .४५० असे आकडे इंचांत) व निर्मितीकाळ तिच्यावरील शिक्के, क्रमांक आणि काडतुसाचा खाना (नळीत काडतूस बसते ती जागा) यांवरून ठरविण्याची पद्धत. ब्रिटिश काळात मध्य प्रांताच्या राजधानीचे शहर असल्याने नागपुरात व आसपासच्या मालगुजारी घराण्यांत अशा बंदुका वारशाने उतरल्या आहेत.

नळीवर कोरलेले नाव निर्मात्याचेच असेल असे नाही. ‘मँटन, कलकत्ता’ किंवा ‘रॉड्डा, कलकत्ता’ ही नावे बहुतेक वेळा विक्रेत्याची असतात. खरा पुरावा दस्ता काढल्यावर नळीच्या बुडाशी दिसतो. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे (जेथे नळीची मजबुती तपासून शिक्का मारतात) मुकुटाखालील बीपी, बीव्ही, एनपी असे शिक्के असतील, तर नळी साधारणतः १९०४ ते १९५४ या काळातील समजावी. मुकुटाखाली बीएनपी असल्यास ती १९५४ नंतरची. माउझर या जर्मन धाटणीच्या रायफलीत बोल्टयंत्रणा जर्मनीची आणि जोडणी लंडनची, असेही घडते. त्यामुळे यंत्रणेवरील क्रमांक व विक्रेत्याचा क्रमांक यांचा मेळ लागेलच असे नाही.

बोअरच्या नावांतही फसगत होते. ‘.२७५ रिग्बी’ हे १८९० च्या दशकातील ७ × ५७ मिमी माउझर काडतुसाचेच इंग्रजी नाव. दुनळी रायफलींत .४५० बोअरचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मार्टिनी-हेन्री ही लष्करी बंदूक .५७७/४५० काडतुसाची होती. चोरीच्या किंवा बंडखोरांच्या हातातील अशा बंदुकांना दारूगोळा मिळू नये म्हणून हिंदुस्थानात .४५० बोअरच्या आयातीवर बंदी आली. बंदीचे साल काहीजण १९०५ देतात, परंतु १९०७ अधिक ग्राह्य वाटते. .४६५ व .४७० ही काडतुसे या बंदीतून पुढे आली असे सर्वसाधारण मत आहे. .४७० चा उगम काही लेखक १९०० पर्यंत मागे नेतात; मात्र त्याचा प्रसार बंदीमुळेच झाला, हे फारसे वादग्रस्त नाही. म्हणून भारतात आढळलेली .४५० दुनळी बहुधा बंदीपूर्वीची धरावी, तरी ते अनुमान शिक्के पाहिल्याशिवाय पक्के करू नये.

.३१५ ची कथा अशीच आहे. .३०३ हा लष्कराचा बोअर असल्याने नागरिकांना मज्जाव होता. त्याऐवजी ऑस्ट्रियाच्या ८ × ५० मिमी मॅनलिखर काडतुसावर आधारलेला .३१५ रुळला. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यातून आलेल्या .३१५ रायफलींची यंत्रणा ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घडणीची आहे, त्यामुळे नवख्याला ती लष्करी .३०३ वाटते. खाना मोजून घेणे, हाच येथे उपाय.

दस्त्याच्या लाकडावरून काळ सांगण्याची रीत भरवशाची नाही. दस्ते बदलले जातात, आणि जुन्या नळीची पुन्हा चाचणीही होते.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात (‘अजब बंगला’, स्थापना १८६३) शस्त्रांचे दालन आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर शिकारीचा काळ संपला. शस्त्र मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत राहिले. पुराणवस्तू म्हणून सूट मिळण्यासाठी ते अग्निशस्त्र म्हणून वापरण्यास असमर्थ असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानाधारकास सर्वसाधारणपणे दोनच बंदुका बाळगता येतात. वारसाला घरात तिसरी सापडली, तर काळ ठरविण्याआधी परवाना पाहावा लागतो. शहरात तो पोलीस आयुक्तांकडे, तर ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो.