बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे जीवन

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेने जठर किंवा अन्नाचा मार्ग बदलतो आणि पुढचे खाणेपिणे, औषधे, तपासण्या हे सगळे जन्मभरासाठी नव्याने बसवावे लागते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारात जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून अरुंद नळी ठेवतात. गॅस्ट्रिक बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची सुमारे 30 मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. स्लीव्हमध्ये भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक बनवणारा बराचसा भागही निघून जातो. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने अनेकांना भूक जाणवतच नाही. पुढे ती हळूहळू परतते.

वजन साधारण 12 ते 18 महिने उतरते, मग थांबते आणि त्यातले थोडे परत चढते. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात हेच दिसले, तरी दहा वर्षांनी बायपास झालेल्यांचे वजन मूळ वजनापेक्षा सरासरी 25 टक्क्यांनी कमीच होते. काटा तीन-चार किलो वर गेला म्हणून ‘ऑपरेशन फुकट गेलं’ असे रुग्णाला ऐकवणे अन्यायाचे आहे.

जेवणाचा क्रम उलटा होतो. आधी डाळ, पनीर, अंडे किंवा मासा, मग भाजी, आणि पोटात जागा उरली तर भात-पोळी. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर वरणातून जेमतेम पाच-सात ग्रॅम मिळतात, म्हणून शाकाहारी माणसाला दही, पनीर, सोयाबीन आणि बहुतेकदा प्रथिनांची भुकटी यांवर भर द्यावा लागतो. जेवताना पाणी पीत नाहीत. ते अर्ध्या तासाने. घास नीट न चावता गिळला तर छातीच्या मधोमध अडकतो, तोंडात फेसाळ लाळ दाटते आणि तो उलटून पडेपर्यंत चैन पडत नाही. मऊ पोळीचासुद्धा असा गोळा बसू शकतो. बायपासनंतर बासुंदी किंवा जिलबी खाल्ली तर अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळा आणि जुलाब होऊ शकतात. काहींची रक्तशर्करा एक ते तीन तासांनी एकदम घसरते. पंगतीत ‘एवढंच? अजून एक घ्या’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते. घरच्यांनी आधीच सांगून ठेवलेले बरे.

सर्वांत मोठी हेळसांड होते ती जीवनसत्त्वे आणि खनिजांच्या गोळ्यांची. वजन उतरले, कपडे सैल झाले की लोक दवाखान्याकडे फिरकत नाहीत, आणि बी-12, लोह, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची तूट हळूहळू साचत जाते. बी-12 संपले की पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसराळूपणा वाढतो. फार उशीर झाला तर हे नुकसान पूर्ण भरून येत नाही. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, पण ते बहुधा पुन्हा येतात. सैल पडलेली कातडी मात्र व्यायामाने जात नाही.

सतत उलट्या होत असतील तर थायमिनची (बी-1 जीवनसत्त्वाची) कमतरता काही आठवड्यांतच मेंदूला इजा करू शकते. अशा रुग्णाला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवणे धोक्याचे असते. म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनाही शस्त्रक्रियेची माहिती असायला हवी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांमुळे बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतो. दारू लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन यांची मात्रा अनेकदा पहिल्या काही दिवसांतच कमी करावी लागते.

गर्भधारणा 12 ते 18 महिने पुढे ढकलायला सांगतात. वजन उतरताच पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पुरेसे विसंबता येत नाही, त्यामुळे तांबी किंवा दुसरा उपाय शस्त्रक्रियेआधीच ठरवतात.